बटणाखालची गाठ

आता ऐका, हे सगळं सुरू झालं एका बटणावरून. लोकांचे संसार मेसेजवरून मोडतात, कॉलरला लागलेल्या अत्तरावरून मोडतात. मास्तरचा संसार हलला तो युनिफॉर्मच्या निळ्या शर्टाच्या वरून दुसऱ्या बटणावरून. हसायला येतं खरं, पण त्या सकाळी मास्तरला हसू आलं नव्हतं.

मास्तर म्हणजे शिंपी. खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत तो आणि ड्रायव्हर कितीतरी वर्षं एकत्र राहत होते. ड्रायव्हर लांब पल्ल्याची बस चालवायचा. सकाळी निघायचं, संध्याकाळी दुसऱ्या गावाला पोचायचं, तिथे मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परत. मग एक दिवस सुट्टी. सुट्टीच्या सकाळी ड्रायव्हर अंथरुणात लोळत पडायचा आणि मास्तर त्याच्या शर्टांना इस्त्री करायचा. "माझा माणूस चुरगळलेला शर्ट घालून फिरला तर माझ्या दुकानाची अब्रू जाते," असं तो सगळ्यांना सांगायचा. खरं कारण प्रेम होतं, पण ते बोलून दाखवायचं म्हटलं की या बाबाची जीभ टाळ्याला चिकटायची.

तर त्या सकाळी इस्त्री बटणपट्टीवर आली आणि मास्तरच्या बोटाला काहीतरी वेगळं लागलं.

मास्तरच्या बापाने त्याला बटण लावायची एक रीत शिकवली होती. दोरा मेणावरून ओढून घ्यायचा. बटण कापडाला चिकटवायचं नाही, जरा उचलून धरायचं आणि खाली दोऱ्याचे वेढे देऊन त्याला मान करायची. शेवटची गाठ मागच्या बाजूला मारायची नाही, सुई बटणपट्टीच्या दोन पदरांमधून नेऊन गाठ आतच जिरवायची. शर्ट उलटासुलटा करून बघा, गाठ सापडणार नाही. बाप म्हणायचा, "गिऱ्हाइकाला बटण दिसावं, गाठ दिसू नये." अशा रीतीने बटण लावणारी माणसं जगात फारशी नव्हती. बाप कधीच गेला. मास्तर होता, खाली दुकानात बसणारी त्याची धाकटी बहीण होती. आणि आणखी एक होता.

हे बटण अगदी त्याच रीतीने लावलेलं होतं. फक्त मानेचे वेढे उलट्या बाजूने फिरले होते. डाव्या हाताने दिलेले वेढे.

मास्तरच्या पायाखालची वाळू सरकली. इस्त्री शर्टावर तशीच राहिली आणि जळका वास यायला लागला तेव्हा कुठे त्याने ती उचलली.

"काय जळतंय?" आतून ड्रायव्हरने झोपाळलेल्या आवाजात विचारलं.

"काही नाही. झोप तू."

आता हा आणखी एक कोण, ते सांगायलाच हवं. त्याला सगळे डावरा म्हणायचे. दुकानात कापायला आणि शिवायला मदतीला म्हणून आला होता, चांगला तिशीचा बाप्या, हसरा, कामाला वाघ. मास्तरने त्याला बटणाची रीत शिकवली. उजव्या हाताची रीत डाव्या हाताला शिकवायची म्हणजे समोर बसून चालत नाही, मागे उभं राहून हात धरावा लागतो. तिथून जे व्हायचं ते झालं. ड्रायव्हरला तेव्हा सगळ्यात लांबचा मार्ग दिला होता, तो दिवसचे दिवस बाहेर असायचा, आणि एक अख्खा उन्हाळा मास्तर दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून घ्यायचा. एकटेपण वगैरे सगळं खरं, पण मास्तरला मजा वाटत होती हेही तितकंच खरं. पावसाच्या आधी डावराच म्हणाला, "मास्तर, मला मागल्या दाराने ये-जा करत आयुष्य काढायचं नाही. तुम्ही काय ते ठरवा." मास्तरने काहीच ठरवलं नाही. डावऱ्याने आपली कात्री कागदात गुंडाळली आणि निघून गेला, आणि मास्तरला काय वाटलं असेल? सुटलो, असं वाटलं! ड्रायव्हरला त्याने अवाक्षर सांगितलं नाही.

आणि आता तोच डावरा ड्रायव्हरच्या छातीवर येऊन बसला होता.

विचारायचं म्हटलं तर सोपं होतं. "हे बटण कुणी लावलं?" एवढंच. पण पुढचं वाक्य काय? "हा डावऱ्याचा हात आहे, मी ओळखतो." इतका कसा ओळखतोस? दुकानात शिवणारे पुष्कळ येऊन गेले, त्यांतल्या कुणाचा हात तुला आठवतो? झालं, बोंबलायला गेलं तर स्वतःचंच बिंग फुटणार. याला म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

तरी जेवताना त्याने खडा टाकून पाहिला. "शर्टाचं बटण तुटलं होतं वाटतं?"

ड्रायव्हर खाता खाता थांबला. त्याने मास्तरकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. "हो. लावून दिलं कुणीतरी तिकडे."

"बरं केलं," मास्तर म्हणाला, आणि भाजीत मीठ कमी आहे असं काहीतरी पुटपुटून उठला.

कुणीतरी! मास्तरच्या डोक्यात तो शब्द दिवसभर फिरत राहिला. एकदा मनात पाल चुकचुकली की माणसाला सगळीकडे पाली दिसतात. ड्रायव्हर हल्ली आरशासमोर जास्त उभा राहतो. त्याने खिशात नवा कंगवा ठेवलाय. केस राहिलेत मूठभर, आणि कंगवा कशाला? पूर्वी ड्युटीवर जायचं म्हणजे तोंड वाकडं करायचा, आता शीळ घालतो. आणि पोट! पोट कमी झालंय मेल्याचं. वीस वेळा सांगून ज्याने भाताचा एक घास कमी केला नाही, तो आता आपणहून पुरे म्हणतो. सुतावरून स्वर्ग गाठणं ऐकलं असेल तुम्ही. मास्तर तर शिंपीच, त्याच्याकडे सुताला काय तोटा!

मग त्याने एक उद्योग केला. पुढच्या ड्युटीच्या शर्टाचं तेच दुसरं बटण उसवलं आणि जुन्या, कुजलेल्या दोऱ्याने, मेण न लावता, जेमतेम दोन फेऱ्यांत परत अडकवून ठेवलं. शिंकलं तरी सुटेल असं. सच्च्या शिंप्याने असं बटण लावणं म्हणजे डॉक्टरने मुद्दाम चुकीचं औषध देण्यासारखं. लावताना त्याचा हात दोनदा थांबला, पण त्याने लावलं.

शर्ट परत आला. बटण पक्कं, मान ताठ, वेढे उलटे.

त्याने तोच उद्योग पुन्हा केला. शर्ट परत आला. बटण पक्कं. वर खिशाचा उसवलेला कोपराही शिवून मिळाला होता, आणि तो कोपरा इतका सुबक शिवला होता की मास्तरला आपण शिकवल्याचा अभिमान वाटला, आणि अभिमान वाटला म्हणून स्वतःचाच राग आला.

तो शर्ट हातात घेऊन उभा असताना धाकटी आली. ही धाकटी म्हणजे तोंडाने फटकळ. ड्रायव्हरला एरवी दादा म्हणायची, पण लहर आली की सरळ वहिनी, आणि ड्रायव्हर तिला ओढणी घेतल्याचा अभिनय करून लाजून दाखवायचा. तिने मास्तरच्या हातातला शर्ट घेतला, बटणावर अंगठा फिरवला आणि तिची भुवई वर गेली.

"अगंबाई! वहिनींना बाहेरचा शिंपी लागतो होय रे?" मग तिने वेढे बघितले आणि थट्टा तिथेच संपली. "अरे, हा डावऱ्याचा हात आहे."

"असेल."

"असेल काय, आहे! मग विचार की सरळ."

"काय विचारू?"

धाकटीने भावाकडे नीट पाहिलं. "अच्छा. म्हणजे चोराच्या मनात चांदणं." आणि मास्तरने तोंड उघडायच्या आत म्हणाली, "आव आणू नकोस. मी काय त्या उन्हाळ्यात डोळे घरी ठेवून दुकानात येत होते? भर दुपारी अर्धं शटर! मला वाटलं, तू आज सांगशील, उद्या सांगशील. कसलं काय. लहानपणापासून आतल्या गाठीचा तू."

"त्याला तू काही बोललीस?"

"मी कशाला बोलू? तुझा नवरा, तुझं पाप. मला फक्त तो माणूस आवडतो. त्याला रडवलंस तर या दुकानात तू एकटा बसशील, एवढं सांगून ठेवते."

धाकटीचं ऐकलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण शंका घेणाऱ्याला उत्तर नको असतं, पुरावा हवा असतो. पुढच्या ड्युटीच्या दिवशी ड्रायव्हर निघाल्यावर मास्तरने बहिणीला सांगितलं, "अस्तराचं कापड बघून येतो," आणि दुसऱ्या, जलद बसने तो त्याच गावाला गेला.

स्टँडवर जिन्याखाली एक टपरी होती. एक शिलाई मशीन, दोन स्टुलं, आणि 'शर्ट-पँट दुरुस्ती तात्काळ' अशी पाटी. मशीनवर डावरा बसला होता. थोडा जाड झाला होता, कानाशी पांढरे केस आले होते. तो एका फळवाल्याच्या गाड्याआड उभा राहिला आणि उगीच एकेक फळ हातात घेऊन बघू लागला.

ड्रायव्हरची बस आली. माणसं उतरली, सामान उतरलं. ड्रायव्हर शेवटी उतरला, नळावर तोंड धुतलं, कंगवा काढून होते तेवढे केस विंचरले. मग तो टपरीकडे न जाता बसच्या मागे गेला. मास्तरला गाड्याआडून तो स्पष्ट दिसत होता. ड्रायव्हरने इकडेतिकडे पाहिलं, दुसऱ्या बटणाखाली बोट घातलं आणि पिरगाळलं. बटण येईना. येणार कसं! या खेपेला मास्तरने ते सैल केलं नव्हतं, डावऱ्याने लावलेलं होतं, म्हणजे मास्तरच्याच बापाच्या रीतीचं. ड्रायव्हरने पुन्हा पिरगाळलं, दात ओठ खाऊन हिसका दिला, आणि बटण एकदाचं हातात आलं. ते मुठीत धरून तो टपरीकडे गेला.

त्याने शर्ट काढला आणि बनियनवर स्टुलावर बसला. असा भर स्टँडवर, हजार माणसांत! डावऱ्याने न विचारता चहाचा पेला पुढे सरकवला. शर्ट मांडीवर घेतला, दोरा मेणावरून ओढला, दातांनी तोडला. काहीतरी म्हणाला. आणि ड्रायव्हर हसला, मान मागे टाकून, पोट हलवून. ते हसू मास्तरला माहीत होतं. फक्त घरात ते कधीपासून ऐकलं नव्हतं, ते त्याला आठवेना.

"घेणार आहात का साहेब, की नुसतंच दाबून बघणार?" फळवाला म्हणाला.

मास्तरने हाती आलं ते फळ विकत घेतलं आणि परतीच्या बसमध्ये जाऊन बसला. पुढे जाऊन दोघांच्या समोर उभं राहायची त्याची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ड्रायव्हर घरी आला. मास्तर वरच्या खोलीत खुर्चीवर बसला होता, ते फळ समोर टेबलावर. रात्रभर त्याने वाक्यं जुळवली होती, आणि ऐनवेळी निघालं ते असं:

"बटण तू स्वतः तोडलंस. मी पाहिलं."

ड्रायव्हर बूट काढायला वाकला होता, तसाच थांबला. "कुठे पाहिलंस?"

"तिथेच. स्टँडवर."

"म्हणजे माझ्या मागावर आला होतास."

"विषय बदलू नकोस. डावऱ्याशी तुझं काय चाललंय?"

ड्रायव्हरने आधी एक बूट काढला, मग दुसरा. दोन्ही भिंतीशी नीट जोडून ठेवले. मग समोर येऊन बसला. "हाच प्रश्न मी कधीपासून तुला विचारायचा थांबलोय, मास्तर. तू डोळ्यांत तेल घालून माझी बटणं तपासतोस, आणि तोंडातून शब्द नाही. कमाल आहे तुझी."

मास्तरने मांडीवरचा एक सुटा दोरा उचलला आणि बोटाला गुंडाळायला घेतला.

"पहिलं बटण खरंच तुटलं होतं," ड्रायव्हर म्हणाला. "समोर टपरी दिसली, गेलो. बघतो तर हा. मला बघून त्याचा चेहरा पांढराफटक. त्याने मला विचारलं, मास्तर कसे आहेत, आणि सुई सरळ बोटात घुसवून घेतली. मी बस चालवतो रे. पुढचा गाडीवाला कधी ब्रेक मारणार ते मला त्याच्या मागून कळतं. मी विचारलं. त्याने सांगितलं."

"काय सांगितलं?"

"ते तू सांगायला हवं होतंस. मी शर्ट तसाच घालून घरी आलो. म्हटलं, मास्तरला हा हात लगेच ओळखू येईल, तो विचारेल, आणि एकदाचं बोलणं होईल. तू विचारलंस, 'बटण तुटलं होतं वाटतं?' मी म्हटलं, कुणीतरी लावलं. तुझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं मी! आणि तू काय केलंस? भाजीत मीठ कमी आहे म्हणालास."

मास्तरच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मग म्हटलं, अजून एक संधी देऊ. पुढच्या खेपेला बटण तोडायला गेलो, तर हात लावल्याबरोबर निघालं. शिंप्याच्या घरचं बटण असं येतं? तेव्हा कळलं, तू पण खेळतोयस. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा तेच. इतका विचार केलास, इतकी लबाडी केलीस, फक्त बोलला नाहीस."

"तोच माझ्या मागे लागला होता," मास्तर म्हणाला. म्हणताना त्याचं त्यालाच कळलं की हे खोटं आहे, पण जीभ घसरली ती घसरलीच. "मी एकटा होतो. तू दिवसचे दिवस बाहेर. त्याने..."

"बास," ड्रायव्हर म्हणाला. आवाज चढला नाही. "तो बिचारा तुझ्याविषयी एक वाकडा शब्द बोलला नाही. म्हणाला, चूक दोघांची होती, आणि मास्तरांनी माझ्या हाताला कला दिली. तू मात्र सगळं त्याच्या अंगावर ढकलून मोकळा झालास. फसवलंस त्याचं मला दुःख झालं, मास्तर. आता लाज वाटली."

खाली धाकटीचं मशीन चालू होतं, ते मध्येच थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

"आणि काल?" मास्तरने शेवटी विचारलं. "कालचं बटणही माझ्यासाठीच तोडलंस?"

ड्रायव्हरने टेबलावरचं फळ हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि परत ठेवलं. "नाही," तो म्हणाला. "कालचं माझ्यासाठी. मला तिथे जाऊन बसायचं होतं. तो बोलतो माझ्याशी. काय झालं, कसं झालं, सगळं सांगतो, विचारतो. बाकी काही झालेलं नाही. पण मला जावंसं वाटतं, हे तुझ्यापासून लपवणार नाही."

मास्तरला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर तो आरडाओरडा करेल. प्रत्यक्षात त्याला रडू आलं. त्याने ते लपवलंही नाही, आणि ड्रायव्हर उठून जवळही आला नाही.

पुढची सुट्टी अबोल्यात गेली. ड्युटीच्या सकाळी ड्रायव्हर आरशासमोर उभा राहिला. इस्त्री केलेला शर्ट अंगात होता. त्याने मास्तरची छोटी कात्री उचलली, वरून दुसरं बटण स्वतःच्या हाताने कापलं आणि खिशात टाकलं. मग त्या जागी सेफ्टी पिन लावली.

"हे आता कुणाचंच नाही," तो म्हणाला, आणि निघून गेला.

दुकानात मास्तरने त्या दिवशी एका पँटच्या डाव्या पायाला उजव्या पायाचा मागचा भाग जोडला. धाकटीने ते उसवून दिलं आणि आश्चर्य म्हणजे एक शब्द बोलली नाही. मास्तरच्या डोळ्यांसमोर ती टपरी, तो चहा, ते स्टूल. शर्टाला बटण लावून आला तर काय समजायचं ते ठरलेलं होतं. त्याला आत्ता पळत जाऊन बस पकडावीशी वाटत होती, पुन्हा फळवाल्याआड उभं राहावंसं वाटत होतं. दोनदा तर तो चप्पल घालून दारापर्यंत गेला. दुसऱ्या खेपेला त्याने चप्पल काढून मशीनखाली ढकलली आणि पँट पुन्हा शिवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. ड्रायव्हर दारात आला. मास्तरने चेहरा नंतर बघितला, आधी छाती बघितली. पिन होती.

"झालं बघून?" ड्रायव्हर म्हणाला.

"गेला होतास?"

"गेलो होतो. चहा प्यालो. शर्ट काढला नाही." तो आत आला. "त्याला सांगितलं, मास्तरला सगळं कळलंय. त्याने विचारलं, मास्तर काय म्हणाले? मी म्हटलं, मास्तर अजून म्हणायचेत."

मग त्याने शर्ट काढला, खिशातलं बटण काढून शर्टावर ठेवलं, दोन्ही मास्तरच्या मांडीवर टाकली आणि समोर स्टूल ओढून बनियनवर बसला. इतक्या वर्षांत मास्तरने त्याची शेकडो बटणं लावली असतील, सगळी तो झोपलेला असताना. समोर बसवून एकही लावलं नव्हतं.

मास्तरने दोरा मेणावरून ओढला. सुईत ओवायला तिसऱ्यांदा जमलं.

"शटर मी ओढायचो," तो म्हणाला. नजर बटणावर होती. "त्याने कधी ओढलं नाही. हातही आधी मी धरला. त्याने मला ठरवायला सांगितलं तेव्हा मी मान खाली घालून काज शिवत बसलो, आणि तो गेल्यावर मला बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं, पण बरं वाटलं. तू त्या दिवशी घरी आलास तेव्हा मी तुझ्या आवडीचं जेवण केलं होतं. तू म्हणालास, आज काय विशेष? मी म्हटलं, काही नाही."

ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते पुसलं नाही. "ते जेवण मला आठवतंय," तो म्हणाला. "दोनदा वाढून घेतलं होतं मी."

मास्तर सांगत राहिला. सांगता सांगता बटणाला मान झाली, वेढे झाले. सवयीने त्याने सुई बटणपट्टीच्या दोन पदरांत घातली, गाठ आत जिरवायला.

ड्रायव्हरने त्याचं मनगट धरलं. "आत नको घालूस. बाहेर राहू दे."

"टोचेल," मास्तर म्हणाला.

"टोचू दे."

मास्तरने सुई परत बाहेर काढली आणि शर्टाच्या मागच्या बाजूला, सरळ दिसेल अशी, जाडी गाठ मारली. बापाने बघितली असती तर कानफटात दिली असती. ड्रायव्हरने शर्ट अंगात घातला, बटण लावलं आणि छातीवर हात ठेवून थोडा वेळ तसाच बसून राहिला.

"टोचतंय?" मास्तरने विचारलं.

"हो," ड्रायव्हर म्हणाला. "पुढे सांग."